वेखंड: तळ्याकाठच्या बारमाही झाडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आगरात विहिरीच्या डोणीखाली, जिथं शिपण्याचं पाणी सांडून सदा चिखल असतो, तिथं वेखंडाचं एक बेट आहे. येणारा-जाणारा आधी ते लव्हाळं समजतो. मग पान चुरगळून हुंगतो आणि म्हणतो, "अहो, हा तर बाळंतिणीच्या खोलीतला वास!" तिथून पुढे प्रश्न सुरू होतात. दरवर्षी माणसं नवी असतात, प्रश्न मात्र तेच असतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवते आहे.

वेखंड म्हणजे बाळगुटीच्या डबीतला तो वाळका तुकडाच ना? त्याला झाड असतं?

तोच. डबीत असतो तो त्याचा वाळवलेला कंद. झाड पाण्याच्या कडेचं आणि बारमाही आहे. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं त्याच जागी नवे कोंब काढत राहतं. वनस्पतिशास्त्रातलं नाव अकोरस कॅलॅमस. पानं तलवारीच्या पात्यासारखी सरळ, कमरेपर्यंत येणारी, साधारण बोटभर रुंद. बुडाशी ती एकमेकांत खोचलेली असतात आणि तिथं थोडी गुलाबी झाक असते. मुख्य ऐवज चिखलात असतो. अंगठ्याएवढा जाड कंद आडवा सरपटत जातो, वरून तपकिरी, कापला की आतून पांढरट-गुलाबी. त्याला ठराविक अंतरावर गाठी असतात, म्हणून संस्कृतात एक नाव षड्ग्रंथा. वासावरून दुसरं नाव उग्रगंधा. ज्यानं हे दुसरं नाव दिलं त्यानं ओला कंद नक्की कापून पाहिला असणार.

हे नेमकं कुठे उगवतं? आपल्याकडे रानात सापडेल का?

तळ्याचा काठ, ओढ्याची संथ कड, पाणथळ शेत, जिथं बुडाशी कायम ओल आणि वर ऊन आहे अशी कुठलीही जागा. हिमालयात साधारण दोन हजार मीटर उंचीपर्यंत, मणिपूर-नागालँडकडच्या दलदलीत आणि दक्षिणेत ते आढळतं. कोकणात-गोव्यात दिसतं ते बहुधा कुणीतरी लावलेलं असतं: आगरात, कुळागरात, अळवाच्या शेजारी, न्हाणीचं पाणी जातं तिथं. आमचंही आजेसासूबाईंनी माहेराहून आणलेलं. लुगड्याच्या ओच्यात ओला कंद बांधून आणला होता म्हणे.

पाणकणीस आणि वेखंड सारखंच दिसतं. ओळखायचं कसं?

पान चुरगळा. वास आला तर वेखंड, नाही आला तर पाणकणीस, ज्याला काही जण रामबाणही म्हणतात. एवढं पुरतं.

नाकावर भरवसा नसेल तर पान उजेडासमोर धरा. वेखंडाच्या पानाची मधली शीर ठसठशीत असते आणि बरोबर मध्यावर नसून किंचित एका अंगाला सरकलेली असते. पानाच्या कडेला मध्येच चुण्या पडतात, घाईत इस्त्री केलेल्या साडीच्या काठाला पडतात तशा. पाणकणसाला अशी शीर नसते, चुण्याही नसतात आणि ते माणसाच्या डोक्यावर जातं. शहरातल्या बागांमधून लावतात त्या आयरिसचीही पानं अशीच तलवारी असतात, पण त्यांनाही हा वास नाही. फूल आलं तर तर गोंधळच उरत नाही.

याला फूल येतं? आमच्याकडे पाच वर्षांत आलं नाही.

कुंडीत नुसत्या ओल्या मातीत असेल तर बहुतेक येणारच नाही. बुडाशी पाणी साचलेलं असेल तरच वेखंड फुलायचा विचार करतं, आणि तेही जुनं झाल्यावर. फूल म्हणाल तर पानासारख्याच चपट्या दांड्याच्या मध्येच कुशीतून तिरपं निघालेलं एक हिरवट-पिवळं कणीस, बोटाएवढं. जवळून पाहिलंत तर त्यावर बारीक बारीक फुलं दाबून बसवलेली दिसतात, तिरप्या ओळींत. लांबून काहीच दिसत नाही. माझ्या शेजारणीला मी कौतुकानं दाखवायला नेलं तर ती म्हणाली, "कुठाय?"

अळू-सुरणाच्या कुळातलं आहे ना हे?

जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं सापडेल, कारण ते कणीस सुरणाच्या फुलातल्या दांड्यासारखं दिसतं. पण सुरणाला, अळवाला त्या दांड्याभोवती पडदा असतो. वेखंडाला तो नाही. शिवाय वेखंडाच्या अंगात सुगंधी तेलाच्या पेशी आहेत, आणि अळवाची खाज ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे होते ते यात नाहीत. आता त्याचं कुळ स्वतंत्र मानतात आणि त्या कुळात अकोरस हा एकच वंश (जीनस) आहे. गंमत पुढेच आहे. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेली फांदी वेखंडाची आहे. म्हणजे भात, ऊस, नारळ, केळ, कांदा हे सगळे एकमेकांचे जवळचे भाऊबंद आणि वेखंड त्या सगळ्यांचं मिळून एक लांबचं चुलत घराणं. डोणीखालच्या चिखलात एवढी थोर असामी उभी आहे हे कळल्यापासून मी तिथं पाय धुवायचं बंद केलं.

दुकानातून आणलेला तुकडा लावला तर रुजेल का?

नाही. मी करून बसले आहे. लग्नानंतर पुण्यात बिऱ्हाड होतं तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानातून चांगले जाडजूड तुकडे आणले, रात्रभर भिजवले आणि कुंडीत पुरले. महिनाभर पाणी घातलं. शेवटी उकरून पाहिलं तर काळा लगदा. वाळवून साठवलेल्या कंदात जीव उरत नाही. ओला, कोंब असलेला कंदच हवा. रोपवाटिकेत पाणवनस्पतींच्या विभागात चौकशी करा किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तुकडा मागून आणा. बियांच्या नादी लागू नका.

गच्चीत, बाल्कनीत लावायचं कसं?

इतकं सोपं झाड दुसरं नाही, फक्त कुंडीची नेहमीची सवय मोडावी लागते. भोक नसलेलं भांडं घ्या. फुटकी बादली नको, धड बादली हवी! पसरट टब, जुनं घमेलं, सिमेंटची कुंडी भोक बुजवून, काहीही चालतं. खोली वीतभर पुरे, कारण कंद आडवा वाढतो. रुंदी मात्र द्या.

माती चिकट हवी. कोकोपीट, भुसा असलं हलकं काही घालू नका, पाण्यावर तरंगत बसतं. शेतातली काळी माती किंवा तळ्यातला गाळ आणि चांगलं कुजलेलं शेणखत. पाणी घालून भाताच्या खाचरासारखा चिखल करा. कंदाचा तीन-चार बोटं लांबीचा, निदान एक कोंब असलेला तुकडा आडवा ठेवा आणि बोटानं हलकेच दाबा. कोंब वर डोकावत राहिला पाहिजे. खोल पुरलात तर कुजतो. पहिले पंधरा दिवस चिखल नुसता ओला ठेवा, पात दिसायला लागली की वर दोन बोटं पाणी उभं करा. मोठ्या टबात दोन तुकड्यांत फूटभर अंतर ठेवा.

लावायची वेळ जून-जुलै. पाऊस तुमचं अर्धं काम करतो. ऊन सकाळचं तीन-चार तास मिळालं तरी झाड खूश. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात मात्र दुपारची सावली द्या, नाहीतर पानांची टोकं करपतात. दर दोन वर्षांनी टब गच्च भरतो, तेव्हा उपसून तुकडे करा आणि वाटा.

कीड फारशी नाही. पांढरा पिठ्या ढेकूण तेवढा कधीकधी बुडाशी आणि मुळांवर बसतो. सापडलेली पानं कापून टाका आणि बुडखा जोरात धुवा.

साचलेल्या पाण्यात डास होणार नाहीत का?

होतील. वेखंडाच्या वासानं डास पाण्यात अंडी घालत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. टब मोठा असेल तर दोन-चार गप्पी मासे सोडा. लहान असेल तर पाणी उभंच करू नका, चिखल ओला ठेवा. फूल येणार नाही, पण कंद वाढतो. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेची माणसं तपासायला आली तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

गावच्या तळ्याकाठी लावायचा विचार आहे. तळं गिळून टाकेल का?

जलपर्णीसारखं तरंगत पसरत नाही. कंद चिखलातून सावकाश पुढे सरकतो आणि पाणी गुडघाभर झालं की थांबतो. त्यामुळे त्याचा पट्टा काठाकाठानंच राहतो. कंदांची जाळी काठाची माती धरून ठेवते, पानांच्या आडोशाला बेडूक राहतात, आणि चतुरांची पिल्लं पाण्यातून पानावर चढून कात टाकतात. आमच्या डोणीजवळ सकाळी लवकर गेलं तर पानाला चिकटलेली रिकामी, पारदर्शक, पाठीवर उसवलेली कात मिळते. मुलांना ती दाखवावी.

एकच करा: तळं लहान असेल तर कंद टोपलीत लावून टोपली काठाला बुडवा. पुढे आवरायला सोपं जातं.

वेखंड पाणी शुद्ध करतं म्हणतात, खरं का?

करतं, पण सांडपाणी त्यात सोडलं की पिण्याजोगं होऊन बाहेर येईल असं नव्हे. दलदलीतल्या झाडांच्या पानांत पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ती आतून स्पंजासारखी असतात. वेखंडाचं पान आडवं कापून पाहा, बारीक भोकांची जाळी दिसेल. त्या वाटेनं हवा खाली मुळांपर्यंत जाते, मुळांभोवतीच्या चिखलाला थोडा प्राणवायू मिळतो, तिथले जिवाणू घाण कुजवतात आणि नत्र-स्फुरद झाड खेचून घेतं. म्हणूनच सांडपाण्यासाठी बांधलेल्या कृत्रिम पाणथळींत पाणकणीस, कर्दळ यांच्या बरोबर वेखंडही लावतात. मोरीचं पाणी बागेला देण्याआधी अशा वाफ्यातून न्यायला हरकत नाही.

तळं आटलं किंवा पानं वाळली तर मेलं समजायचं का?

इतक्यात नाही. थंडीच्या अखेरीस पानं पिवळी पडतातच. कंद चिखलात दबून राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर कोंब काढतो. उलट बाजूनंही ते चिवट आहे. पूर्ण बुडालेल्या, हवा अजिबात नसलेल्या गाळात हा कंद आठवडेच्या आठवडे तग धरतो, साठवलेल्या पिठूळ अन्नावर अगदी काटकसरीत. मरतं ते एकाच गोष्टीनं: माती भेगाळेपर्यंत सुकली तर.

कंद कधी काढायचे आणि वाळवायचे कसे?

लावल्यापासून साधारण वर्षानं, पानं पिवळी पडून लोळायला लागली की. दोन-चार दिवस पाणी तोडा, पण माती कुदळ शिरेल इतकी मऊ असू द्या. कंद धुवा, केसाळ मुळं काढा, दोन-तीन इंचांचे तुकडे करा आणि वाळवा. चांगले वाळले की गोणपाटात घालून घोळसा, वरची कुसं निघून जातात. सोलू मात्र नका. वास सालीजवळच जास्त असतो. नीट वाळलेला तुकडा मोडताना कट्‌ असा आवाज करतो. वाकला तर अजून ऊन द्या, नाहीतर डबीत बुरशी धरेल.

शेती परवडेल का?

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात कोरटगेरेच्या बाजूला शेतकरी वेखंड पिकवतात. तिथं त्याला बजे म्हणतात. भातासारखी चिखलणी करून लावणी करतात. ज्या खाचरात पाणी हटत नाही आणि दुसरं काही पिकत नाही तिथं हा पर्याय आहे. पण वर्षभर जमीन अडकते, काढणी चिखलात हातानं करावी लागते. आधी घेणारा व्यापारी ठरवा, मग खाचराला हात लावा.

बाळाला वेखंड उगाळून द्यायचं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि माझ्या उत्तरावर आमच्याच घरात दोन तट आहेत.

आमच्या घरात चार पिढ्यांनी दिलं. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा, वेखंडाचा अर्धा. पोटात वारा धरू नये, जीभ हलकी व्हावी म्हणून. संस्कृतात नावच वचा, म्हणजे बोलणं ज्या वच् धातूवरून येतं तो. मुलाला वाचा फुटावी म्हणून मधात उगाळून जिभेवर चाटवायची चाल त्यातलीच. माझ्या आईच्या हातातला तो अर्धा वेढा मी पाहिलेला आहे. सहाणेवर नुसता ओरखडा उठायचा.

तरीही मी माझ्या नातवाला दिलं नाही, आणि विचारणाऱ्यांना देऊ नका असंच सांगते. कारणं सांगते.

वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. साठच्या दशकात उंदरांना जम्मूकडच्या वेखंडाचं तेल दीर्घकाळ अन्नातून दिलं तेव्हा त्यांच्या आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या. त्यानंतर १९६८ साली अमेरिकेनं खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. उंदरांना दिलेली मात्रा आणि अर्धा वेढा यांत फार अंतर आहे, हे खरं. पण कुठल्या कंदात असारोन किती, हे डबीकडे बघून कळत नाही. पेशीतल्या गुणसूत्रांच्या संख्येवर ते अवलंबून असतं. २४ गुणसूत्रांच्या वेखंडात ते नसल्यातच जमा, ३६ वाल्यात थोडं, ४८ वाल्यात भरपूर. भारतात शेवटचे दोन्ही प्रकार आहेत.

दुसरं, वेखंड जास्त झालं की उलटी करवतं. आयुर्वेदात वमनाच्या औषधांमध्ये त्याचं नाव आहे ते उगाच नाही. आजीचा हात मोजलेला असायचा. आज बाजारात तयार पूड मिळते आणि लोक चमच्यानं घालतात. तिसरं, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तुमचे बालरोगतज्ज्ञही देतील. चौथं, मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यात बॉट्युलिझमचे जिवाणू असू शकतात.

सासूबाई ऐकत नसतील तर डॉक्टरांना त्यांच्या समोरच विचारा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत फरक पडतो.

न्हाऊ घातल्यावर टाळूवर वेखंडाची पूड चालेल का?

खाण्यापेक्षा धोका कमी, पण पूड फार हलकी असते, ती उडते आणि बाळाच्या नाकात जाते. डोकं मऊ पंचानं कोरडं केलं तरी तेच काम होतं. धुरीचंही तसंच. ओवा-वेखंडाचा धूर खोलीला सुवास देतो, बाळाच्या छातीला त्याचा उपयोग नाही. वासाची आठवण हवी असेल तर कपड्यांच्या पेटीत तुकडा ठेवा.

मोठ्यांनी औषध म्हणून घ्यावं का?

वैद्यांच्या सांगण्यावरून, ठरावीक दिवसच. सारस्वतारिष्टासारख्या औषधांत वचा असते आणि वैद्य ती शुद्ध करून वापरतात: गोमूत्रात उकळून, मग मुंडी नावाच्या वनस्पतीच्या आणि पंचपल्लवांच्या, म्हणजे पाच झाडांच्या पाल्याच्या, काढ्यात. कुंडीतला कंद उपटून चावणं म्हणजे हे नव्हे. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी घेऊ नये.

बाळवेखंड म्हणून दुकानदारानं वेगळंच दिलं. ते काय?

बहुधा आयरिसच्या जातीतला कंद. पांढरट, नाजूक वासाचा. त्या नावाखाली दुकानागणिक वेगळी वस्तू मिळते. नाव सारखं म्हणून गुण सारखे समजू नका.

मुंग्यांना, कपड्यांना, पुस्तकांना उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या मते आज वेखंडाची खरी जागा हीच. असारोन किड्यांना पळवतं आणि काहींची वीणही खुंटवतं. साखरेच्या डब्याखाली पूड भुरभुरवली की मुंग्या दोन-तीन दिवस वाट बदलतात. वास उडाला की परत येतात, हेही सांगून ठेवते. गुजरातेतल्या जैन ग्रंथभांडारांत हस्तलिखितांजवळ घोडावजच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी पद्धत आहे. घोडावज म्हणजे वेखंडच. आमच्या देवघरातल्या पोथ्यांच्या बासनात मलमलीत बांधलेले चार तुकडे असतात. दर दिवाळीत बदलते. पैठणीच्या घडीत मात्र तुकडा थेट ठेवू नका, तेलाचा डाग पडतो. माझ्या मोतिया रंगाच्या शालूला तो अजून आहे.

दुसरे लोक याचं काय करतात?

तमिळमध्ये याला वसंबु म्हणतात आणि बाळाच्या मनगटात त्याच्या मण्यांची कांकणं घालतात. दिवेलागणीनंतर याचं नाव घ्यायचं नाही असा तिथं संकेत आहे, म्हणून "नाव न घ्यायचं" हेच त्याचं दुसरं नाव झालं. चीनमध्ये पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला दाराला याची पानं बांधतात, आपण दसऱ्याला आंब्याची डहाळी बांधतो तशी. जपानात ५ मेला आंघोळीच्या गरम पाण्यात ही पानं सोडतात. युरोपात सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून कंद आले आणि व्हिएन्नात लावले गेले. तिथलं वेखंड ३६ गुणसूत्रांचं, त्याला बी धरतच नाही. आज तिकडच्या नद्यांकाठी दिसतं ते सगळं तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं आहे.

लेक अमेरिकेत असते. तिला तिथं मिळेल का?

तिथल्या तळ्यांकाठी वेखंडाची एक सख्खी बहीण उगवते, अकोरस अमेरिकानस, २४ गुणसूत्रांची. बागेसाठी रोपवाटिकेत मिळते. हौस म्हणून लावू दे. इथून बाळगुटीच्या डबीत वेखंड घालून पाठवू नका.

तुमच्याकडून कंद मिळेल का?

मिळेल, पाऊस सुरू झाल्यावर. कुरिअरनंही पाठवता येतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून वर केळीचं सोप बांधलं की आठवडाभर हिरवा राहतो. पण जमलं तर स्वतः या, जुने कपडे घालून. डोणीखाली मी उतरणार नाही, माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. कुदळ पडवीत ठेवलेली असते.